अंधारात विस्कटलेली लय

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ड्रोसोफिलाची, म्हणजे पिकल्या केळ्यांवरच्या चिलटांची, दिनलय (दिवस-रात्रीच्या चक्रातली हालचालींची लय) मोजतोय. तीन दिवस १२ तास उजेड, १२ तास अंधार दिला, मग पूर्ण अंधार. अंधारातही लय टिकायला हवी होती, पण हालचालींचा आलेख विस्कटला. उजेड ओळखणारं प्रथिन इतकं हळवं असतं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : असतं. आमचा पहिला संशय इन्क्युबेटरमधल्या (चिलटं ठेवलेल्या, तापमान स्थिर राखणाऱ्या पेटीतल्या) एखाद्या बारीक निळ्या-हिरव्या दिव्यावर आहे.

चिलटांचं हे उजेड ओळखणारं प्रथिन, क्रिप्टोक्रोम, मुख्यतः ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश टिपतं. त्याच्या पोटातल्या खाचेत एफएडी हा प्रकाश शोषणारा फ्लेविन रेणू असतो आणि प्रथिनाची शेपटी बुचासारखी तिथंच दडलेली असते. याच घराण्यातल्या फोटोलायेज या डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनात त्या जागी दुरुस्तीला आलेला डीएनए बसतो! उजेड पडला की प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांच्या साखळीतून एक इलेक्ट्रॉन फ्लेविनकडे येतो, शेपटी सुटते आणि क्रिप्टोक्रोम टाइमलेस या घड्याळ-प्रथिनाला धरतं. मग जेटलॅग नावाचं प्रथिन टाइमलेसवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण करतं आणि पेशी त्याचा चुरा करते. संध्याकाळनंतर असं झालं तर घड्याळ मागे पडतं, पहाटेआधी झालं तर पुढे सरकतं. उजेड सतत राहिला, तर टाइमलेस साठतच नाही आणि लय विस्कटते.

आता तपासणी. रात्री खोली काळोखी करा, इन्क्युबेटरमध्ये दिवा लावून दार बंद करा. रबराच्या कडेनं प्रकाशाची रेघ दिसली, तर तिथूनच बाहेरचा उजेड आत जातो. आतल्या, हालचाली नोंदवणाऱ्या मॉनिटरचे दिवे काळ्या टेपनं झाका. अंधाराच्या दिवसांत दार उघडावंच लागलं, तर ६५० नॅनोमीटरच्या पुढचा मंद लाल दिवा वापरा. मोबाइलचा टॉर्च अजिबात नको.

तापमान २५ अंशांवर स्थिर हवं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी वीज गेली की आतला पारा चढतो, आणि तापमानाचा चढउतारही हे घड्याळ हलवतो. चिलट ठेवलेल्या ५ मिलिमीटरच्या नळीतलं खाद्य (५ टक्के साखर, २ टक्के अगार) उघड्या टोकाकडून सुकतं. खाद्याकडचं ते टोक मेणानं बंद करा. आलेख शून्यावर सपाट झाला असेल, तर चिलट मेलंय. ती नळी हिशेबातून काढा.

आणखी एक नक्की करा : क्राय-बी हे क्रिप्टोक्रोम बिघडलेलं वाण मिळवून त्याच पेटीत ठेवा. सतत उजेडातही त्याची लय टिकते. ते लयीत आणि साधं वाण विस्कटलेलं दिसलं, तर उजेड नक्की गळतोय.