‘पोरॉसिटीचं आहे ना? मग त्यांना विचार’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणला अॅल्युमिनियम डाय-कास्टिंगमध्ये (वितळलेला धातू दाबानं साच्यात भरून पार्ट बनवण्याच्या कामात) ९ वर्षं क्वालिटी सांभाळताय, सहा महिने लिंक्डइनवर रोज पोस्ट टाकताय, लाइक येतात पण बरी ऑफर काही येत नाही, तर आता लोगो आणि वेबसाइटवर ३० हजार घालावेत का?

नका घालू. नोकरदार माणसाला लोगो लागत नाही. तुम्ही समोर नसताना दुसऱ्या कंपनीतलं कुणी ‘अमुक अडलंय ना, मग त्यांना विचार’ म्हणतं, त्यातलं ते ‘अमुक’ काय, हे आधी ठरवा. तुमच्या लिंक्डइन मथळ्यात, म्हणजे नावाखालच्या ओळीत, क्वालिटी, लीन, सिक्स सिग्मा, लीडरशिप असं सगळंच आहे. म्हणून त्यातलं काहीच कुणाच्या लक्षात राहत नाही.

मथळ्याला २२० अक्षरांची मुभा असते, पण मोबाइलवर बहुतेक ठिकाणी सुरुवातीचा तुकडाच दिसतो. तेव्हा पहिल्या ५०-६० अक्षरांत काम येऊ द्या: ‘डाय-कास्टिंगमधली पोरॉसिटी आणि लीकेज रिजेक्शन’ (पोरॉसिटी म्हणजे धातूत राहिलेली बारीक छिद्रं). हुद्दा त्यानंतर. (पाटी कशी लिहावी हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.) ‘अबाउट’मध्ये २६०० अक्षरं बसतात, पण उघडण्याआधी दोन-तीन ओळीच दिसतात. त्या ओळींत ‘मेहनती, ध्येयवादी’ नको. कोणत्या प्रकारचे पार्ट, किती टनाच्या मशीनवर, कोणता दोष, हे लिहा. प्रोफाइलच्या लिंकमागचे आकडे काढून टाका. आडनाव जोशी, पाटील, कुलकर्णी असेल तर शोधात शेकडो माणसं निघतात. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर घाला आणि इंग्रजी स्पेलिंग रेझ्युमे, ईमेल, प्रोफाइल तिन्हीकडे एकच ठेवा.

आता पोस्ट. रोज लिहायचं म्हटलं की तिसऱ्या आठवड्यात विषय संपतात आणि सुविचार सुरू होतात. पंधरा दिवसांतून एकच लिहा, दीडशे-दोनशे शब्दांची, एका दोषावर. उदाहरणार्थ: लीक टेस्टला (पार्ट गळतो का, या चाचणीला) पार्ट फेल झाला की सगळे कास्टिंगला दोष देतात. आधी खात्रीचा चांगला मास्टर पार्ट लावून बघा. तोही फेल झाला तर फिक्स्चरचं (पार्ट धरून ठेवणाऱ्या साधनाचं) सील गेलेलं असू शकतं. मास्टर पास झाला तर फेल झालेला पार्ट कापून भिंगाखाली बघा. गोल, गुळगुळीत भिंतीची छिद्रं दिसली तर बहुधा अडकलेला वायू: व्हेंट (साच्यातली हवा जाण्याच्या वाटा) तुंबलेत का, डाय लुब्रिकंट (साच्यावरचं वंगण) जास्त मारलंय का, हे तपासायचं. वेडीवाकडी, खरबरीत पोकळी असेल तर श्रिंकेज, म्हणजे धातू थंड होताना आकसल्यानं पडलेली: जाड भागातला हॉट स्पॉट (उशिरा थंड होणारी जागा), तिथलं कूलिंग आणि इंटेन्सिफिकेशन प्रेशर (साचा भरल्यावर धातूवर दिलेला जादा दाब) तपासायचं. एवढं वाचून एखादा सप्लायर क्वालिटीवाला (पार्ट पुरवणाऱ्यांची क्वालिटी बघणारा) पोस्ट सेव्ह करतो. तो लाइक करेलच असं नाही, आणि तसं न केल्यानं बिघडतही नाही.

सगळ्यात महागात पडतं ते गोपनीयता मोडणं. कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग, खरा पीपीएम आकडा (दहा लाखांत किती पार्ट सदोष), यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. शब्दांत सांभाळतात, फोटोत घसरतात: मागे क्रेटवरचा टॅग किंवा भिंतीवरचा रिजेक्शन बोर्ड दिसतो. शॉप फ्लोअरचे फोटो टाळाच. हातानं काढलेली आकृती पुरते. ‘सल्लागार’ हा शब्द लिहिण्याआधी अपॉइंटमेंट लेटरमधलं बाहेरच्या कामाबद्दलचं कलम वाचा. नोटीस त्यावरूनच येते.

शिफारसी तीन पुरेत, पण वेगवेगळ्या बाजूंनी: कस्टमरकडचा एक, प्रॉडक्शनचा एक, तुमच्या हाताखाली शिकलेला एक. नुसतं ‘रेकमेंडेशन द्या’ म्हणालात तर ‘उत्तम व्यक्तिमत्त्व’ एवढंच येईल. ‘त्या हाउसिंगच्या लीकेजला आपण काय केलं ते चार ओळींत लिहाल का’, असं विचारा. कस्टमरचं नाव बाहेर न जाऊ देण्याचा मुद्दा इथेही लागू.

भाषेचंही बघा. कस्टमरसाठी इंग्रजी ठीक, पण भोसरी-चाकणचे कितीतरी छोटे कारखानदार आणि सुपरवायझर मराठीतच बोलतात, आणि व्हॉट्सअॅपवर पुढे जातं ते मराठीच. तीच पोस्ट मराठीतही टाका. पुढे मराठा चेंबर (पुण्यातल्या उद्योजकांची संस्था) किंवा इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या पुणे शाखेच्या कार्यक्रमांना जात चला. प्रश्नोत्तरांत एक नेमका प्रश्न विचारला तरी चहाच्या वेळी चार माणसं स्वतःहून येतात. बोलण्याची संधी मिळाली तर पंधरा मिनिटांना सात-आठ स्लाइड, त्यातल्या निम्म्या कापलेल्या नमुन्यांच्या, परवानगी घेतलेल्या.

सहा महिने लाइक मोजू नका. वहीत लिहा: कुणी विचारलं, कशाबद्दल, कोणत्या शब्दांत. लोक पोरॉसिटीऐवजी सारखे पीपॅपच्या (नव्या पार्टला कस्टमरची मंजुरी घेण्याच्या) कागदपत्रांबद्दलच विचारत असतील, तर मथळा त्या दिशेनं बदला, आणि त्यांनी वापरलेलेच शब्द त्यात घ्या.