'एचआरमध्ये कामून यायचंय?' इथंच अडलेला सुपरवायझर

सुदाम माझ्याकडे मुलाखतीच्या तयारीला आला तेव्हा एचआरच्या नोकरीसाठी दिलेल्या त्याच्या तीन मुलाखती फसल्या होत्या. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) वय ३२, गाव मानवतकडचं, वाळूजच्या एका कारखान्यात आठ वर्षं लाईन सुपरवायझर. नोकरी सांभाळून त्यानं मुक्त विद्यापीठातून एचआरचं, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाचं, एमबीए केलं होतं. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, मी बोलायलो आन् ते पेन फिरवायलेत. तिथंच कळतंय, गेलं."

असे महिन्याला दोन-तीन जण तरी येतात. कुणी टाइम ऑफिसमधला, म्हणजे हजेरी विभागातला, क्लार्क, कुणी खासगी शाळेतली शिक्षिका, कुणी कर्जवसुलीला कंटाळलेला. सगळ्यांचा घोर एकच: एचआरचा अनुभव नाही, मग मुलाखतीत सांगायचं काय?

मी म्हटलं, चला, मी मॅनेजर, तुम्ही उमेदवार. एचआरमध्ये का यायचंय?

"मला लोकांमध्ये मिसळायला आवडतं. लोकांना मदत करायची आवड आहे."

माझ्याही हातातलं पेन फिरायला लागलं. मुद्दाम नव्हे, आपोआप. लोकांत मिसळायला पानटपरीवाल्यालाही आवडतं. समोरचा मॅनेजर वेगळंच चाचपत असतो: कंपनी आणि कामगार यांच्या मध्ये हा माणूस उभा राहील का? रजा नाकारावी लागली, तर ती अशी नाकारेल का, की माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येईल?

मी पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवायला लावलं आणि विचारलं, "तुमच्या लाईनवर ऑक्टोबरात काय होतं?"

तो हसला. "सोयाबीन होतं मॅडम."

मग गडी खुलला. लाईनवर ४२ माणसं, बहुतेक परभणी-जालना-बीडकडची. काढणी आली की निम्मी लाईन गावाकडे. कुणाची आजी दगावायची, कुणाला ताप यायचा, काही आज्या तर दोन वर्षांत दोनदा गेल्या. एका वर्षी एकाच दिवशी १७ जण गैरहजर होते. पुढच्या वर्षी सुदामनं गणपतीतच वही काढली. कुणाचं रान किती, पेरणी कधी झाली, घरी हात किती, सगळं विचारून लिहून घेतलं आणि एकमेकांशी बोलून पाळ्या लावल्या. ज्याचं रान आधी पिकतं तो आधी जाईल, आल्यावर दुसऱ्याची पाळी भरेल. दोघांना त्यानं स्पष्ट नाही सांगितलं. त्यातल्या एकानं आठवडाभर अबोला धरला. पण त्या हंगामात एका वेळी पाचाच्या वर माणूस बाहेर गेला नाही.

"हे मुलाखतीत सांगितलं?"

"नाही. शॉपफ्लोअरचं सांगितलं तर म्हणतील, याला तिथंच राहू द्या."

दुखणं इथं होतं. जे त्याच्याकडे होतं, तेच तो लपवत होता. मनुष्यबळाचं नियोजन, तक्रार निवारण असे शब्द त्याला पुस्तकातून येत होते. ती वही म्हणजे तेच, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आम्ही उत्तर नव्यानं बांधलं: आधी वही, मग ती करताना काय अडलं, आणि शेवटी, "हे काम मी सुपरवायझर म्हणून चोरून वेळ काढून करत होतो, आता तेच पूर्णवेळ करायचं आहे."

एचआरमध्ये यायचं खरं कारण मी नंतर काढून घेतलं. नाईट शिफ्टचा कंटाळा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तेवढंच असेल तर मी माणसाला थांबवते. रात्री दोनला प्रेस मशीनमध्ये कुणाचं बोट गेलं की फोन एचआरलाच येतो.

कायद्याच्या प्रश्नाला तो दुसऱ्या मुलाखतीत पडला होता. पीएफ १२ टक्के, इथपर्यंत आलं. मालकाचे १२ टक्के कुठं जातात म्हटल्यावर गप्प. मी त्याला पगाराची स्लिप आणि पीएफचं पासबुक मोबाईलवर उघडायला लावलं. पेन्शनच्या रकान्यात दर महिन्याला १,२५०. हा आकडा तो कित्येक वर्षं बघत होता. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, तेही १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणून १,२५०. उरलेलं पीएफमध्ये.

मग त्यालाच आठवलं, "मॅडम, माझं ईएसआय आधी कापायचे. एका जुलैत पगार वाढला, तरी कापतच राहिले, आन् ऑक्टोबरपासून बंद. मला वाटलं कंपनीनं सवलत काढून घेतली." महिना २१,००० च्या वर पगार गेला की माणूस ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, बाहेर जातो, पण एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन काळ असतात, चालू काळ संपेपर्यंत कपात होतच राहते. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन. पाठांतरानं जे महिनाभर बसलं नसतं, ते स्वतःच्या स्लिपवर दहा मिनिटांत बसलं. वर एवढंच सांगितलं, की २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुने कायदे चार श्रम संहितांमध्ये आले आहेत, त्या चारांची नावं तरी बिनचूक यायला हवीत.

तुमचा कमकुवतपणा काय, याला त्यानं युट्युबवरचं उत्तर दिलं, "मी परफेक्शनिस्ट आहे." मला हसू आवरेना. खरा कमकुवतपणा? इंग्रजी मेल लिहायला अर्धा तास लागतो. मग हेच सांगा, आणि त्यावर रोज काय करता तेही सांगा. रोज काहीच करत नव्हता. त्या दिवसापासून रात्री दोन मेल मला पाठवायला लागला. पहिल्या आठवड्यातले वाचवत नव्हते.

आधीची नोकरी का सोडता, पाच वर्षांनी कुठं असाल, हे प्रश्न आम्ही पाच-पाच मिनिटांत उरकले. तिथं फार डोकं लावू नये. फक्त आधीच्या साहेबांची निंदा करायची नाही.

या तयारीनंतरची पहिली मुलाखतही गेली. त्यांना तीन वर्षांचा अनुभवीच हवा होता. दुसरी चिकलठाण्याला. तिथं आमच्या तयारीत नसलेलं विचारलं: ओळखीतल्याच कामगाराला कामावरून काढायचं पत्र द्यावं लागलं तर? सुदामनं घडलेलंच सांगितलं. गावचाच एक जण दारू पिऊन मशीनवर उभा राहिला होता. त्यानं त्याला खाली उतरवलं, लेखी रिपोर्ट दिला, आणि संध्याकाळी त्याच्या खोलीवर जाऊन बायकोला सगळं स्वतः सांगितलं, दुसऱ्याकडून कळायच्या आधी. मॅनेजरनं पुढं पंधरा मिनिटं त्या प्रसंगावरच बोलायला लावलं.

संध्याकाळी फोन आला. "झालं मॅडम, घेतलं."

"आणि पगार?"

आमचं ठरलं होतं, आधी त्यांचा आकडा विचारायचा, फारच आग्रह झाला तर २८ हजार म्हणायचं. पलीकडे जरा वेळ शांतता.

"घाईत २६ बोलून गेलो. ते लगेच हो म्हणले, तवाच कळलं, कमी सांगितलं."