काकांना नाही म्हण

पोरी,

परवा मार्केट यार्डात चहा पिताना तू विचारलंस, "काकांना तोंडावर नाही कसं म्हणू?" मी विषय बदलला. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

तू आणि काका दादाच्या पोरांच्या पैशाचे विश्वस्त, म्हणजे तो सांभाळायला नेमलेले. त्यातलेच काकांना हळदीच्या खरेदीसाठी दोन महिने पैसे हवेत, बँकेपेक्षा जास्त व्याज देतो म्हणतात. देतीलही, माणूस लबाड नाही. तरी पोरांचा पैसा विश्वस्ताच्या स्वतःच्या खात्याला शिवता कामा नये. काकाही विश्वस्तच. 1882 च्या न्यास, म्हणजे ट्रस्ट, कायद्याचं कलम 51 हेच सांगतं. आणि कलम 26 नीट वाच. सहविश्वस्ताचा बेत कळूनही गप्प राहिलीस, तर नुकसान तुझ्याही मानगुटीवर बसेल. बेत माहीत असताना "मी नुसती सही केली" म्हणून सुटका नाही.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं. 2005 साली भावाच्या पोरांच्या ठेवीतून महिन्याभरासाठी पैसे काढले आणि हळद घेतली. माल सांगलीजवळच्या हरिपूरला, पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात. पेव उघडल्यावर आतली गुदमरवणारी वाफ जाईपर्यंत कोणी उतरत नसे, एवढी अक्कल आम्हाला होती. ठेव मोडताना मात्र मी क्षणभरही थांबलो नाही. पुढे कृष्णा पेवात शिरली. वर काढलेलं हळकुंड दाबलं, तर बोटांत चिखल.

प्लॉट विकून व्याजासकट भरलं मी, एक पैसा खाल्ला नाही. पूर काय मी आणला होता? पण पुतण्या अठराचा झाला आणि हिशेबाची वही बघायला बसला. त्या पानावर मी पेन्सिलीनं 'हातउसने' लिहिलं होतं. त्यानं त्यावर बोट ठेवलं, बराच वेळ. मग पान उलटलं. दिवाळीला अजून येतो, जेवून जातो. सल्ला मात्र दुसऱ्याला विचारतो.

म्हणून पुन्हा सांगतो, पोरांचा पैसा आपल्या खात्याला शिवता कामा नये. एक दिवससुद्धा नाही, चेकवर तारीख पुढची टाकूनही नाही. काका रुसतील, काकू लग्नकार्यात तोंड फिरवतील. फिरवू देत गं! तुला पोरांसाठी नेमलंय, काकांच्या हंगामासाठी नाही.

उद्या बँक उघडल्या उघडल्या जा. दोघांच्या सह्यांशिवाय ठेव मोडू नये, असं लेखी दे. शिक्क्याची पोच घे आणि संध्याकाळी मला आणून दाखव.