मस्जिद बंदरच्या जुन्या गोदामात 80 जणांची राहायची सोय होईल का?

तुमचं गोदाम शंभरेक वर्षांचं, तळमजला अधिक दोन मजले. 18 मीटर रुंद, 22 मीटर खोल, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या. माझ्या हिशेबाने यात 80 नाही, 60 जण बसतील. जागा कमी पडत नाही, उजेड कमी पडतो.

नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे खिडकीपासून 7.5 मीटरच्या पलीकडचा भाग उजेडात धरत नाहीत. तुमच्या खिडक्या फक्त पुढे आणि मागे, म्हणजे मधला 7 मीटरचा पट्टा अंधारात गेला. 3 मीटर रुंदीच्या खोल्या काढल्या तर पुढे सहा, मागे सहा. त्यातली एक पुढची आणि एक मागची जिन्यांना द्यायची, कारण एका लाकडी जिन्याच्या भरवशावर एवढी माणसं झोपवणं योग्य नाही. उरल्या दहा. तिघांची एक खोली, वरचे दोन मजले, झाले 60. तळमजल्यावर खाटा नकोच. तिथे स्वयंपाकघर, जेवणाची जागा, पंप, धुणं.

मुंबईच्या दमट हवेत खिडकीची उघडणारी जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश लागते. 22 चौरस मीटरच्या खोलीला साधारण पावणेचार चौरस मीटर. गोदामाच्या खिडक्या एवढ्या मोठ्या क्वचितच असतात आणि इमारत हेरिटेज यादीत असेल तर दर्शनी भिंत फोडू देणार नाहीत. मात्र वरच्या मजल्यांवर माल चढवायचे दरवाजे असतील तर तेच कामाला येतात: आतून कठडा लावून काचेची उघडती तावदानं बसवा, बाहेरची कप्पी आणि लाकडी फळ्या तशाच ठेवा.

अंधाऱ्या पट्ट्यात पॅसेज, संडास, न्हाण्या आणि पंख्याची शाफ्ट. सहा जणांमागे एक संडास, एक न्हाणी धरा, म्हणजे मजल्याला पाच-पाच. खरी कसरत इथेच. या काळातली अशी छतं बहुधा जॅक आर्चची असतात: लोखंडी गर्डर, त्यांच्यामध्ये विटांच्या उथळ कमानी, वर भराव. यात संडासाखालचे पाइप मावतील असा सखल स्लॅब करता येत नाही. मग कंत्राटदार फरशी 30 सेंटिमीटर उचलून खाली वीटतुकड्यांचा कोबा भरतो. तो चौरस मीटरला 500 किलोच्या वर जातो आणि गळती सुरू झाली की पाणी भरावातून गर्डरवर मुरतं. गंजलेलं लोखंड फुगतं, कमानीला गर्डरलगत लांब भेग जाते. खालून ती दिसेपर्यंत गर्डरची वरची कड खाल्लेली असते. म्हणून भिंतीला टांगलेले कमोड घ्या, सगळ्या मजल्यांचे संडास एकाखाली एक आणा, फरशी उचलायचीच तर पोकळ पोलादी सांगाड्यावर सिमेंट बोर्ड टाकून उचला. आडवे पाइप छताखाली उघडे राहू द्या. दिसायला बरे नाहीत, पण गळती त्याच दिवशी कळते.

जिन्यासाठी कमानी काढताना घाई महागात पडते. प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला रेटून उभी असते. एक काढली की बाजूच्या कमानीचा रेटा मोकळा होतो आणि तीही बसते. आधी दोन्ही बाजूंच्या दोन-दोन कमानींना खालून टेकू द्या, कडेच्या गर्डरना ताणसळ्या घालून बांधा, नवी चौकट बसवा, मगच फोडा. आणि वायरमनला बजावून ठेवा: छताखालून जाणाऱ्या जुन्या ताणसळ्या डक्टच्या आड आल्या तरी कापायच्या नाहीत.

खोल्यांच्या भिंती चार इंची विटांच्या केल्या तर 3 मीटर उंचीला रनिंग मीटरमागे गिलाव्यासकट 700 किलोच्या आसपास वजन पडतं. 100 मिलिमीटरच्या एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकमध्ये ते निम्म्याखाली येतं. गोदामाचे मजले मुळात जड मालासाठी केलेले होते हे खरं, पण गंजलेल्या गर्डरला ते आठवत नाही. प्रत्येक गर्डरचं भिंतीतलं टोक उघडून बघा. सागवानी तुळया असतील तर त्यांचीही टोकंच आधी कुजतात.

पाणी माणशी 135 लिटर, म्हणजे रोजचे 8,100. ही आठ टनांची टाकी जुन्या छतावर ठेवू नका, नव्या जिन्याच्या स्वतंत्र सांगाड्यावर ठेवा. आगीसाठीचा साठा वेगळा. जुन्या भिंतींना आतून चुन्याचाच गिलावा. सिमेंट लावलं की ओल अडकते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे येतात. उंच छत बघून पोटमाळ्यावर खाटा टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. आग लागली की धूर आधी तिथेच जमतो, म्हणून नको.

हे सगळं मात्र कागद बघितल्यानंतर. जमीन पोर्टच्या भाडेपट्ट्यावर असेल तर पट्ट्यात कोणता वापर लिहिलाय ते पहिलं पाहा. तिथे राहण्याचा वापर बसत नसेल तर आर्किटेक्टला पैसे देऊ नका. पुढे महापालिकेकडून वापरबदल, यादीत असल्यास हेरिटेज समिती, मग अग्निशमन. सुरू झाल्यावर आगीची यंत्रणा नीट चालू असल्याचं बी फॉर्म प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. प्रत्येक रहिवाशाचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत हवा. तळमजल्यावर कुणी जुना पागडीवाला गाळेधारक असेल तर त्याच्याशी बोलणं या सगळ्याच्याही आधी.