सौद्याला तू स्वतः जा

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. अप्पांचा पाय सुधारतोय, आता पुण्याला क्लासला परत जाऊ की बेदाण्याचं शेडच बघू, असं विचारलंस. त्याचं उत्तर मी आज देणार नाही. मला राग आला तो खालच्या ओळीचा. बेदाणा तयार आहे, तासगावला सौद्याला, म्हणजे लिलावाला, चुलतभाऊ नेईल, तिथं बायका नसतात म्हणे.

अगं, माल कुणी केला? अप्पा गाडीवरून पडले तेव्हा बागेतल्या द्राक्षांची साखर बावीस ब्रिक्सच्या (गोडीचं माप) पुढं गेलेली, आणि तुला डिपिंग ऑइल कुठलं नि पोटॅशियम कार्बोनेट कुठलं हेही कळत नव्हतं. लिटरला 15 मिली तेल, 25 ग्रॅम पावडर, असं बॅरलवर खडूनं लिहून ठेवलेलं मी पाहिलंय. वाळवण्याआधी घड त्या पाण्यात किती वेळ बुडवायचे म्हणून बायका विचारायच्या, तू मोबाईलमध्ये बघून सांगायचीस. आठवड्यानं न बघता सांगायला लागलीस. मार्चमध्ये अवकाळी आला त्या रात्री शेडचे पडदे सोडायला तूच धावलीस; जाळीवरच्या मालाला ओल लागली असती तर सगळा काळा पडला असता. चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा किलोभर बेदाणा हातात येतो. तो विकताना मात्र तू घरात बसणार? सौद्याला स्वतः जा.

तिथं काय होतं ते ऐक. ताटात तुझा नमुना ठेवतात. व्यापारी मूठ भरतात, दोन दाणे तोंडात टाकतात, उरलेले खाली उधळतात. या उधळणीवरून शेतकऱ्यांनी किती ओरड केलीय ते तुला माहीत आहे. समोर मालक उभा असला की मूठ जरा लहान होते. आणि भाव पटला नाही तर माल द्यायचा नाही, कोल्ड स्टोरेजला ठेवायचा, हे मालकानं म्हणायचं असतं. चुलतभाऊ ते म्हणणार नाही. त्याला जेवायला घरी पोचायचं असतं.

आमचे हे गेले त्या वर्षी दिरांनी माल नेला. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, आणून दिली, सही कर म्हणाले. भाव एवढा कमी का, विचारलं तर म्हणाले, यंदा बाजारच तसा. असेल. मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण ते अजून माझ्या मनातनं जात नाही. पुढच्या हंगामात मी स्वतः गेले, भाव मनाला आला नाही, पेट्या कोल्डला टाकल्या. नंतर दर आणखी पडला, वर भाडं बसलं. दीर अजून गावभर सांगतात, वहिनींचा हट्ट नडला. सांगू देत. तो तोटा का झाला ते मी तुला आजही बोटावर मोजून दाखवीन. आधीच्या पट्टीचं कारण कोण दाखवणार? परत तशीच वेळ आली तर परत तेच करीन मी.

आपल्याच तालुक्यात बोरगावला थॉम्पसन द्राक्षाच्या बागेत एक वेगळी फांदी दिसली, त्यातून तास-ए-गणेश ही नवी जात आली. बागेत रोज जाणाऱ्यालाच ती दिसली. घरी बसून दिसली असती का?

बरं, आता नीट ऐक, चिडून लिहितेय म्हणून सोडून देऊ नकोस. हिरवा, पिवळा, काळा माल वेगळा लाव. नमुना पेटीच्या वरचा काढू नको, मधला काढ; नंतर माल वेगळा निघाला म्हणून भांडण नको. पेट्या 15 किलोच्या, किती उतरल्या ते स्वतः मोज. पट्टी हातात आली की तिथंच उभी राहून वाच: अडत, हमाली, तोलाई, तूट (वजनातली घट). तूट जास्त दिसली तर विचार, सगळ्यांसमोर विचार. आवाज कापला तरी चालेल, माझा अजून कापतो. चुलतभावाला बरोबर ने की, पेट्या उतरवायला कामाचा आहे तो.

पुण्याचं त्यानंतर बोलू. परीक्षा द्यायची तर दे, मी अडवणार नाही. फक्त आत्ता, हातातला माल दुसऱ्याच्या स्वाधीन करून, तो निर्णय घेऊ नकोस. अप्पा नको म्हणाले तर मला फोन लाव, त्यांच्याशी मी बोलते.

आणि पट्टीचा फोटो मला पाठव, दोन्ही बाजूंचा.

तुझी काकी