वाचकांचे प्रश्न : सोडलेली गादी आणि मिळालेले राष्ट्राध्यक्षपद

प्रश्न : बोट्स्वानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांना विवाहामुळे वंशपरंपरागत गादी सोडावी लागली, असे वाचनात आले. मग तेच पुढे देशाचे प्रमुख कसे झाले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सेरेत्से यांचा जन्म 1 जुलै 1921 रोजी, तेव्हा बेचुआनालँड या नावाने ब्रिटिश संरक्षणाखाली असलेल्या प्रदेशातील सेरोवे येथे झाला. 1925 मध्ये वडील वारल्यावर अवघ्या चार वर्षांच्या सेरेत्से यांच्याकडे बामांग्वाटो जमातीची गादी आली आणि कारभार काका त्शेकेडी पाहू लागले. दक्षिण आफ्रिकेतील फोर्ट हेअर येथून पदवी घेऊन ते ऑक्सफर्डला आणि नंतर कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथे 1947 मध्ये त्यांची रूथ विल्यम्स या गोऱ्या इंग्रज तरुणीशी ओळख झाली. त्या विमा व्यवसायातील एका कचेरीत नोकरी करीत होत्या. सप्टेंबर 1948 मध्ये दोघांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला.

या विवाहाला पहिला कडवा विरोध झाला तो घरातूनच. काकांनी पुतण्याला परत बोलावले आणि जमातीच्या जाहीर सभांतून हा प्रश्न चर्चेला आला. आरंभी बहुसंख्य लोक काकांच्या बाजूने होते. परंतु जून 1949 च्या सभेत त्याच लोकांनी सेरेत्से आणि त्यांच्या पत्नीला स्वीकारले. प्रश्न खरे तर येथेच मिटला होता. तो चिघळवला लंडनने. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत 1948 पासून वर्णभेदाचे धोरण राबवणारे सरकार होते, आणि तेथील सोने व युरेनियम यांची गरज असलेल्या ब्रिटनला ते सरकार दुखवायचे नव्हते. ब्रिटिशांनीच नेमलेल्या चौकशीत सेरेत्से कारभारास सर्वथा योग्य ठरले, विवाहाव्यतिरिक्त त्यांच्याविरुद्ध काहीही आढळले नाही. तेव्हा तो अहवालच दडपण्यात आला आणि 1950 मध्ये चर्चेच्या निमित्ताने लंडनला बोलावून त्यांना मायदेशी परतण्यास बंदी करण्यात आली. आमच्या मते ही उघड फसवणूक होती.

गादीवरील हक्क सोडल्यावर 1956 मध्ये ते सामान्य नागरिक म्हणून परतले. काकांशी समेट झाला. 1958 मध्ये जन्मलेल्या जुळ्या मुलांपैकी एकाचे नाव त्यांनी त्शेकेडी ठेवले. 1962 मध्ये त्यांनी बेचुआनालँड डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन केला आणि 1965 च्या निवडणुकीत या पक्षाने 31 पैकी 28 जागा जिंकल्या. 30 सप्टेंबर 1966 रोजी देश स्वतंत्र होताच ते राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे जे पद त्यांना मिळाले ते सोडलेल्या गादीपेक्षा वेगळ्या जातीचे होते, मतांवर उभे होते. मात्र गादीच्या घराण्याविषयी लोकांच्या मनात असलेल्या आदराचा त्यांना लाभ झाला, हे नाकारता येणार नाही.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचा निर्णय आम्ही 1967 चा मानतो. त्या वर्षी जमातींकडे असलेले खनिजांवरील हक्क राष्ट्राकडे घेण्यात आले. ज्या ओरापा येथे त्याच वर्षी हिऱ्यांचा मोठा साठा सापडला, तो भाग बामांग्वाटोंच्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच जमातीच्या मुलखात होता. ही संपत्ती एका जमातीची न राहता साऱ्या देशाची झाली आणि शाळा, रस्ते, दवाखाने यांसाठी सरकारच्या हाती पैसा आला. जुलै 1980 मध्ये पदावर असतानाच त्यांचे कर्करोगाने निधन झाले. रूथ मात्र इंग्लंडला परतल्या नाहीत. 2002 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या बोट्स्वानातच राहिल्या.