मोरी आहे की पाइप?

प्रश्न : आमची काजूची बाग दोडामार्ग तालुक्यात आहे. वाघांचा ‘कॉरिडॉर’ झाला की बागेत पाय टाकता येणार नाही, असे गावात बोलतात. हत्तींचा त्रास तर आहेच. शिवाय आता जनावरांसाठी रस्त्याखाली भुयारे म्हणे! जनावर काय, कुठूनही जाते. त्याला भुयार कशाला?
— एक बागायतदार, भेडशी

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण वनखात्यात लागलो तेव्हा मीही हेच म्हणायचो.

माझ्या बीटात, म्हणजे माझ्याकडे गस्तीला असलेल्या जंगलाच्या तुकड्यात, घाटरस्त्याखाली एक जुनी दगडी मोरी होती. माणूस वाकून जाईल एवढी. पावसाळ्यात तिथला व्हाळ, म्हणजे ओढा, दोन्ही थड्या (काठ) भरून वाहायचा, पण दिवाळीनंतर तळाला नुसता चिखल उरायचा आणि त्यात सकाळी रात्रीची हजेरी लागलेली दिसायची. साळिंदर, भेकर, रानडुक्कर, एकदा बिबट्यासुद्धा. गवा कधी आत शिरला नाही. त्याला मोरी लहान पडायची, तो वरूनच जायचा. पुढे रस्ता रुंद झाला. ठेकेदाराने मोरी उपसून सिमेंटचे दोन पाइप टाकले. एक पहिल्याच पावसात गाळाने बुजला. त्या हंगामात त्याच वळणावर दोन भेकरे आणि एक साळिंदर मी स्वतःच्या हाताने उचलले. जनावर कुठूनही जाते हे खरे. पलीकडे पोचते का, ते बघायचे.

नागपूर–सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात रस्ताच खांबांवर उचलला आहे. लहान पूल धरून महाराष्ट्राच्या हद्दीत असे ९ मार्ग आहेत, सर्वात लांब ७५० मीटरचा. खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ आले, रानकुत्रे आले. आपल्या घाटात एवढे होणार नाही, आणि सगळीकडे लागतही नाही. व्हाळावर पाइपाऐवजी रुंद, उंच मोरी, आत पाण्याच्या बाजूला कोरडा काठ, एवढ्यानेही पुष्कळ भागते. आंबोलीतल्या बेडकांना मात्र तेही पुरत नाही. त्यांतली एक जात जगात फक्त आंबोलीत सापडते आणि पहिल्या पावसात गाड्यांखाली चिरडून मरते. तिथे रात्रीची वाहने सावकाश चालवणे हाच उपाय.

आता कॉरिडॉर. ते अभयारण्य नव्हे. राधानगरी, आंबोली, दोडामार्ग, तिलारी, पुढे गोव्यातले म्हादई, कर्नाटकातले भीमगड आणि काळी, ही जंगले एकमेकांना जोडणारी वाट म्हणजे कॉरिडॉर. २०१८ साली राधानगरीच्या उत्तरेकडच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कॅमेऱ्यात आलेला नर वाघ २०२० साली काळीत सापडला. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटली. मधल्या प्रवासाचा पंचनामा कुणी केला नाही, पण एवढे जंगल चालून जायचे तर वाट इकडूनच.

तिलारीत २०२० साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र झाले, ते सरकारी जमिनीवर. २०२४ साली उच्च न्यायालयाने सावंतवाडी–दोडामार्गमधली २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा, असे केंद्राला सांगितले. अशा क्षेत्रात रोख असतो तो खाणी, दगडखाणी, मोठे प्रदूषणकारी कारखाने यांवर. काजूवर नाही. मला विचाराल तर वाट काजूने तुटत नाही. काजूखाली झुडूप राहते, सावली राहते. डोंगर खरवडून लावलेल्या रबराने तुटते.

हत्तींचे दुखणे याच वाटेचे आहे. ते २००२ साली कर्नाटकातून आले आणि इथे माड, केळी, भात मिळाले. तेव्हापासून काय चालले आहे? आपण फटाके लावून तिकडे हाकलायचे, तिकडच्यांनी ढोल बडवून इकडे. हत्तीला तीन राज्यांतल्या हद्दी कळत नाहीत, आणि हद्दीपलीकडे आपल्या फायली जात नाहीत. तुमची बाग एका रात्रीत आडवी झाली आणि भरपाईला वर्ष लागले, तर तुम्हाला कॉरिडॉरवर प्रेम करा म्हणायला मला तोंड नाही. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०२० च्या जानेवारीत वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले, ते गुरे मारल्याच्या रागातूनच. वेळेवर झालेला पंचनामा जनावराच्याही उपयोगी पडतो, हे मी नोकरीत शिकलो. खात्याला पटवता आले नाही.

तुमच्यासाठी दोन कामे. गावच्या रस्त्याचे काम निघाले की व्हाळावर मोरी आहे की पाइप, हे ग्रामसभेत विचारा. नकाशा पास झाल्यावर कुणी ऐकत नाही. आणि बागेचे कुंपण व्हाळाच्या थडीपासून दहा-पंधरा पावले मागे घ्या. तारेत घरची वीज मुळीच सोडू नका, त्यात डुकराआधी माणूस मरतो. त्या पट्ट्यात काजूची दोन-तीन झाडे कुंपणाबाहेर जातील, हे मला माहीत आहे. बी तुमचीच राहील, वेचायला मात्र सकाळी जा. संध्याकाळी नको.